खुराड्याची वरची फट

२८ डिसेंबर १९६०, बुधवार

हे रजिस्टर कारखान्याच्या कोक ओव्हनच्या, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांच्या, रद्दीतलं आहे. मागचे पानं कोरे होते अन् मी साहेबाले इचारून आणलं आहे, हे पयलेच लिहून ठेवतो. लिहायचं कारण एकच. उद्या कोणी म्हणू नये का दौलतनं कोंबड्यांकडे पाह्यलं नाही. काय काय केलं ते तारीखवार इथं राहील. घरातल्या घरात पुरावा ठेवाव लागते, असं लग्नात मले कोणी सांगतलं नव्हतं.

तुळसा आमगावले माहेरी गेली त्याले आज आठ दिवस झाले. कावून गेली, काय कारण? तिलेच इचारा! भांडण नाही, तंटा नाही. मंगळवारी सकाळी उठली, लुगडं बदललं, थैली भरली अन् म्हणे, "भावाकडे जाऊन येतो." किती दिवस, त्याचं उत्तर नाही. निघताना खुराड्यापाशी गेली अन् कोंबड्यांशी बोलली. मग मांगच्या झोपडीतल्या मैनाबाईशी बोलली. माह्याशी बोलाले मात्र गाडी चुकत होती.

अन् सहा कोंबड्या माह्या गळ्यात टाकून गेली. मी बॅटरीच्या, म्हणजे भट्ट्यांच्या रांगेच्या, टपावरचा माणूस. पायाखाली हजार डिग्रीची भट्टी जळते, साधा बूट घातला त तळवा भाजते म्हणून आमाले लाकडी तळाचे बूट देतात. या महिन्यात मिस्त्री झालो, जनरल पाळी भेटली. अन् घरी येऊन काय कराव? त कोंबड्या मोजाव! तिनं एकेकीले नावही ठेवलं आहे. मले ते नावं माहीत नाही अन् माहीत करून घ्याचे नाही.

आज दुपारून हवा उलटली. आभाळ आलं, चार थेंब पडले, अन् मग उत्तरेकडून असं वारं सुटलं का टपावरचे लोक भट्टीच्या झाकणापाशी हात शेकून राहिले होते. पुरावा म्हणून लिहितो, सांजच्याला सहाही कोंबड्या आत घातल्या.

२९ डिसेंबर, गुरुवार

सकाळी सहाला आंगणात आलो त काय पाहतो, खुराड्यातून धूर निघून राहिला! जवळ जाऊन पाह्यलं त धूर नव्हे, कोंबड्यांच्या तोंडची वाफ. एकमेकीले चिकटून, पिसं फुगवून बसल्या होत्या. एक पाय पोटात, एक खाली. दार उघडलं त कोणी बाहेर याले तयार नाही. त्यातली ठेंगणी माह्याकडे अशी पाहे, जशी हवा मीच उलटवली.

खुराडं तुळसानं सोता ठोकलं आहे. मशिनी ज्या पेट्यांत रशियातून आल्या, त्याच्याच फळ्या, अजून त्यांच्या भाषेतले अक्षरं आहेत. फळी-फळीत बोटभर फट. अन् वर, छपराच्या कवेलूच्या खाली, चारी बाजूनं हात जाईल एवढी मोकळी जागा! हे काय घर झालं? याच्यात ऊब राहील कशी? आतली सारी गरमी वरून निघून जाते अन् कोंबड्या कुडकुडतात. मी इतक्या दिवसांत कधी नीट पाह्यलंच नव्हतं. पाह्यलं असतं त तिले तवाच झापलं असतं.

आता हे काम माहं आहे. गरमी बाहेर जाऊ न देणं, हाच माहा धंदा. भट्टीत कोळसा ओतला का आमी टपावर झाकणं बसवतो अन् झाकणाच्या कडेनं चिखलाचा पातळ गारा ओततो. जिथं धूर दिसला तिथं गारा. सारी बॅटरी फिरून याव अन् कुठं एक धागा धुराचा दिसू नये, तवा मिस्त्री म्हणतात. माह्या पाळीत धूर दिसत नाही, हे साहेबही बोलते.

३० डिसेंबर, शुक्रवार

संताप संताप झाला आज. एक बादली, फक्त एक बादली गाऱ्याची माती घेऊन निघालो त गेटवर शिपायानं धरलं. म्हणे, "ये क्या ले जा रहे हो?" म्हटलं, माती. म्हणे, "चिट्ठी?" अरे, मातीले चिठ्ठी! हे सारं मैदान मातीचं, त्याच्या बुटाले माती, अन् माह्या बादलीतलीच कंपनीची झाली! चार लोकांदेखत बादली तिथं उपडी कराले लावली. मिस्त्री माणूस मी.

मग तळ्यावर गेलो अन् काळी चिकण माती आणली. शेण अन् धानाचा कोंडा टाकून तुडवली. टपावर जसा गारा करतो तसाच केला, बोट बुडवून काढलं का बोटावर राह्यला पाहिजे. मैनाबाई कामावरून गमेला डोक्यावर घेऊन परत येत होती, थांबून पाहत राह्यली. ती प्लांटच्या बांधकामावर रेजा, म्हणजे मजूर, आहे. मले म्हणे, "का बनावत हस, भइया?" म्हटलं, "भट्टी बनवून राहिलो." हसली. हसू दे.

थंडी आजून वाढली. मडक्यातल्या पाण्यात हात घालवत नाही.

३१ डिसेंबर, शनिवार

झालं! सकाळी अन् सांजच्याला मिळून सारं खुराडं लिंपलं. एकेक फट बुजवली. वरच्या मोठ्या फटीत विटांचे तुकडे बसवले अन् त्याच्यावरून दोन हात गारा मारला. दाराले आतून पोतं लावलं. कोंबड्यांना आत घालून चारी बाजूनं फिरलो, हात लावून पाह्यलं. कुठूनही वारा नाही, कुठूनही वाफ नाही. अख्ख्या सेक्टरात एवढं बंदोबस्ताचं खुराडं दुसरं नसल. माणसाच्या क्वार्टरात वारा येते, कोंबड्यांच्या येत नाही!

तुळसा असती त दाखवलं असतं. म्हटलं असतं, कोंबड्यांची फिकीर तुलेच आहे का?

१ जानेवारी १९६१, रविवार

नव्या वर्षाच्या पयल्या दिवशी शिव्या लिहू नये, म्हणून लिहत नाही. पण माह्या खुराड्याले कोणीतरी भोक पाडलं!

दुपारी बजारात गेल्तो. पोस्टाच्या बाहेर ओमप्रकाश बसते, लोकांचे कार्डं लिहून देते. माह्याकडे पाहून दात काढून म्हणे, "क्यों दौलतराव, मुर्गियाँ कैसी हैं?" याले काय करायचं माह्या कोंबड्यांचं? घरी आलो त कवेलूखाली, जिथं विटांचा तुकडा बसवला होता, तो तुकडा खाली पडलेला अन् हात जाईल एवढी जागा मोकळी.

मांजर असल म्हटलं. अंड्याच्या मांगं आलं असल. पुन्हा तुकडा बसवला, पुन्हा गारा मारला. तेवढ्यात अंधार झाला.

२ जानेवारी, सोमवार

मांजर नाही! मांजर विटा काढून एकावर एक रचून ठेवते का? दोन बाजूनं दोन भोकं, अन् चारही तुकडे खाली नीट रचलेले.

सरळ मैनाबाईच्या झोपडीपुढं जाऊन उभा राह्यलो. म्हटलं, "हे तुह्यं काम आहे का?" थोडीही लाजली नाही. उलटी मलेच म्हणे, "तैं छेदा ला काबर मूंदथस? कुकरी मन ला हवा चाही." म्हणजे फट मीच कावून बुजवतो, कोंबड्यांना हवा पाहिजे! मले शिकवते! म्हटलं, बाई, मी हजार डिग्रीची भट्टी सांभाळतो, तू मले गरमी शिकवतं? त म्हणे, "भट्ठी हा साँस नइ लेवय, भइया." भट्टी श्वास घेत नाही म्हणे. काय बोलाव अशा बाईशी!

तिच्या कोंबड्या पाह्यल्या मी. वळचणीले बांबूवर बसतात. खाली तट्ट्या लावून वारा अडवलेला, पण वर सारं उघडं. थंडीनं मरत कशा नाही, देव जाणे. म्हणे, तिच्या गावातही अशाच बसत. तिचं गाव आता आमच्या बॅटरीच्या खाली आहे. जिथं मी झाकणं लिंपतो तिथंच कुठंतरी तिचं खळं होतं, असं ती हमेशा सांगते. त्याले मी काय करू? मी काही घेतलं नाही तिचं खळं.

तिले बजावून सांगतलं का माह्या खुराड्याले हात लावायचा नाही. ती म्हणे, "तोर नो हे." तुहं नाही म्हणे ते. पाहा! मग कोणाचं आहे? क्वार्टर माह्या नावावर आहे!

४ जानेवारी, बुधवार

वर फळ्या ठोकल्या. चार-चार खिळे. आता काढ म्हणा.

कोंबड्या काही ठीक दिसत नाहीत. दार उघडलं का आतून ओला वास येते, डोळ्याले झोंबते. फळ्यांना आतून घाम आल्यासारखं पाणी. भुरीचा तुरा टोकाले निळा पडून राहिला. ठेंगणी तोंड उघडून श्वास घेते अन् घशात शिट्टी वाजते. म्हणजे वारा अजून कुठून तरी घुसून राहिला. सांजच्याला पुन्हा सारं तपासलं. खाली, जमिनीपाशी एक बारीक फट सापडली. बुजवली.

टपावर माह्यासोबतचे लोक इचारून राहिले, "वहिनी कधी येते?" म्हटलं, येईल. एक म्हणे, "त्या दिवशीच्या रश्श्याची चव जिभेवर आहे राजा." मी म्हटलं, काम करा.

६ जानेवारी, शुक्रवार

कार्ड आलं. भावाच्या हातचं अक्षर, तुळसाची बोली. जसं आहे तसं उतरवतो:

"खुराड्याची माती काढून टाका. वरची फट मी समजून ठेवली आहे, ती मोकळी ठेवा. खाली वारा लागू देऊ नका, वरून जाऊ द्या. भुरीच्या तुऱ्याले तीळतेल लावा. धानाची तनस कोरडी टाका, ओली झाली का बदला. सांजच्याला मूठ-मूठ तांदळाची कनकी जास्त द्या, भरल्या पोटी कोंबडीले थंडी कमी लागते. मैनाबाईवर ओरडू नका."

खाली ना "तुमची तुळसा", ना "तब्येत सांभाळा", ना कधी येतो ते! सतरा दिवसांनी कार्ड, अन् त्याच्यात माहा एक शब्द नाही. सारं कोंबड्यांचं.

अन् मले एक सांगा, हिले हे कळलं कसं? माती लिंपली हे मी तिले कळवलं नाही. तुरा निळा पडला हे त मी इथं लिहलं, दुसऱ्या कोणाले सांगतलं नाही. मी ओरडलो हेही तिले आमगावले ऐकू गेलं! या सेक्टरात कोणी हेर ठेवला आहे का माह्यावर? मले त्या शिपायाचा संशय आहे. गाऱ्याच्या बादलीपासून तो माह्या मांगं आहे.

मी काही काढत नाही माती. हजार लोकांत माहं काम पाहून मिस्त्री केलं मले, अन् मी आमगावच्या कार्डावर खुराडं चालवू? आजची थंडी त सगळ्यांत भारी आहे. अशा दिवशी फट उघडाव, हे शहाण्या माणसाचं काम आहे का? उलटं अजून एक पोतं वरून टाकून बांधलं.

तेल मात्र लावलं. भुरी चावली.

७ जानेवारी, शनिवार

बुटकी मेली.

सांजच्याला

सकाळचं तेवढंच लिहू शकलो. आता सारं लिहतो.

दार उघडलं त पाच बाहेर आल्या, लुडकत. बुटकी दारापाशीच पडलेली, चोच पोत्याच्या खालच्या चिंधीत. बाहेर याले करत असल. ज्या कोंबडीले मी ठेंगणी लिहलं आहे तीच बुटकी. तुळसानं ठेवलेलं नाव. मले माहीत होतं. साऱ्यांचे नावं माहीत आहेत मले.

मी पयले ओरडलो, हे लिहलं पाहिजे. मैनाबाईच्या झोपडीकडे तोंड करून ओरडलो का तुह्या भोकातून थंडी घुसली अन् माही कोंबडी गेली. ती आली. खुराड्यात हात घातला, वरच्या फळीले आतून फिरवला अन् बाहेर काढला. हात ओलाचिंब. मग तोच हात माह्या शर्टाले पुसला. माह्या छातीले! दुसऱ्या कोणी केलं असतं त मी हात उचलला असता. म्हणे, "जाड़ नइ मारिस, पानी मारिस. भीतर के पानी." थंडीनं नाही मेली म्हणे, आतल्या पाण्यानं मेली.

त्यांच्या श्वासाचं पाणी. त्यांच्या घाणीची वाफ. मी कोंडलं, ते फळ्यांवर जमलं, त्यांच्या पिसांवर पडलं, अन् ओल्या पिसानं त्या रातभर बसल्या. कोरडी कोंबडी थंडी झेलते, ओली झेलत नाही. एवढी साधी गोष्ट.

कामावर गेलो. टपावर पयलं झाकण बसवलं, गारा ओतला, अन् वर पाह्यलं. भट्टीच्या टोकाले उभा पाइप आहे, माणसापेक्षा उंच. सारा गॅस त्याच्यातून जाते. आमी झाकणं बुजवतो कारण तो पाइप उघडा आहे! तो बंद करून झाकणं लिंपली त काय होईल, हे मी नव्या पोरांना पयल्याच दिवशी शिकवतो. तो पाइप रोज माह्या डोळ्यापुढं. आठ दिवस मी मिशीले पीळ देऊन खुराडं लिंपत होतो अन् मले तो पाइप आठवला नाही. मिस्त्री म्हणे! थू माह्या मिस्त्रीपणावर.

आता दुसरीही गोष्ट लिहून टाकतो, म्हणजे सुटलो.

कोंबड्या सात होत्या. सातवी लाली. आठरा डिसेंबरले, मिस्त्री झाल्याच्या आनंदात, मी टपावरच्या आठ जणांना जेवाले बोलावलं. तुळसा नळावर गेल्ती. लाली सैपाकघराच्या उंबऱ्यात बसली होती, ती तिथंच बसे. सगळ्यांत भारी तीच होती अन् हाताजवळ होती. मी मारली. तुळसा पाणी घेऊन आली तवर पिसंही काढून झाले होते.

लालीले तिनं आमगावहून मांडीवर टोपलं ठेवून आणली होती, आमी इकडे आलो तवा. सत्तावन्न-अठ्ठावन्नची गोष्ट, इथं तवा क्वार्टर नव्हते, चिखल होता अन् तंबू होते. तुळसाले इकडे याचंच नव्हतं. लालीचं टोपलं घेतलं तवा गाडीत बसली. बाकीच्या सहाही तिच्याच अंड्यातल्या.

त्या दिवशी तिनं हंडा खाली ठेवला, पाह्यलं, अन् मसाला वाटाले बसली. रस्सा केला. आठही जणांना वाढलं. "अजून वाढू का?" सगळ्यांना इचारलं, मलेही इचारलं. सोता कांदा अन् भाकर घेऊन मांगच्या दारात बसली. एक शब्द बोलली नाही. मले वाटलं, बोलत नाही म्हणजे राग नाही. दोन दिवसांनी गेली.

हे पान फाडून टाकाव असं वाटून राहिलं. पुरावा माह्या बाजूनं ठेवायचा होता.

८ जानेवारी, रविवार

सारे खिळे काढले. फळ्या काढल्या. विटांचे तुकडे काढले. वरचा गारा कुदळीनं फोडला, असा घट्ट बसवला होता का कुदळ उडे. खालचा राहू दिला, मैनाबाई म्हणे, खालचा चांगला आहे, वारा अंगावर येत नाही. माह्या कामातलं तेवढंच पास झालं.

तिनं पैरा आणून दिला, म्हणजे आपली तनस, उन्हात वाळवलेली. कामाच्या सुट्टीत दोन भारे. मी इचारलं, तू फट कावून उघडत होती, तुहं काय अडलं होतं? म्हणे, "तुलसा कहि के गे हे, मोर कुकरी मन ला देखे रहिबे." माह्या कोंबड्यांकडे पाहत राहजो असं तुळसा तिले सांगून गेल्ती. मले नाही सांगतलं. लग्नाचा नवरा घरात असताना मांगच्या झोपडीत सांगून गेली! अन् कार्डंही तिनंच ओमप्रकाशकडून लिहून पाठवले. एक नाही, तीन. म्हणून तो दात काढत होता. मी शिपायाले उगाच धरून बसलो होतो.

आता तुळसाले बुटकीचं कळवणं आलं. मैनाबाई म्हणे, मी लिहून पाठवतो. म्हटलं, नको. माह्या हातानं झालं, माह्याच हातानं जाईल. चार कार्डं खराब केले. पयल्यात थंडीचं लय लिहलं, दुसऱ्यात पुन्हा थंडीचंच. पाचव्यात लिहलं, "बुटकी मेली. थंडीनं नाही, माह्यानं. फट मोकळी केली आहे. लाली मारली तेही तुले न इचारता मारली." टाकून आलो. पेटीत पडल्यावर वापस काढता येत नाही, हे एक बरं आहे.

११ जानेवारी, बुधवार

भुरीचा तुरा लाल होऊन राहिला. दुसरी, कवडी, आज उड्या मारून माह्या लाकडी बुटावर चढली. सांजच्याला कनकी कोमट पाण्यात भिजवून देतो. आत घातल्यावर रोज वरच्या फळीले आतून हात लावून पाहतो. कोरडी.

थंडी तेवढीच आहे! तरी एकही कुडकुडत नाही. मले या गोष्टीचा अजून राग येते.

उत्तर नाही.

१५ जानेवारी, रविवार

दुर्गले सायकलची ट्यूब आणाले गेल्तो. ट्यूब इथंही भेटते, पण दुर्गची मजबूत राहते. दुकान ठेसनाजवळ आहे म्हणून गोंदियाकडची पॅसेंजर पाहून घेतली. लय गर्दी होती. आमगावकडची पाच-सहा लोकं उतरली. त्याच्यात कोणी ओळखीचं नव्हतं.

ट्यूब आणाची राहूनच गेली.

१९ जानेवारी, गुरुवार

आज कामावरून सरळ दुर्ग. सायकलच्या घंटीचं काम होतं. गाडी दोन तास लेट. या रेल्वेवाल्यांना काही आहे का नाही! माणूस वाट पाहून राहते, कळवायची सोय नाही, फळ्यावर लिहायचीही तसदी नाही. ठेसन मास्तरले जाऊन बोललो. म्हणे, "आपका कौन आ रहा है?" मी म्हटलं, कोणी नाही. त तो माह्याकडे पाहतच राह्यला. घरी येतवर अंधार पडला होता. मैनाबाईनं कोंबड्या घालून दार लावलं होतं, काही न सांगता.

चौदा वर्षांच्या लग्नात एक कोंबडी! एका कोंबडीपाई माणूस घर सोडते का? असं लिहलं खरं. पण लिहून पाह्यल्यावर ते बरोबर वाटून नाही राहिलं.

२२ जानेवारी, रविवार

तुळसा आली.

ठेसनावर मी नव्हतो! रविवारी गेलो, गुरुवारी गेलो अन् आज नेमका अंगणात कवेलू ठीक करत होतो. रिक्शातून उतरली, थैली खांद्याले, टोपलं कडेवर, टोपल्यावर फडकं बांधलेलं. मले "आलो" म्हणाली नाही. टोपलं ओट्यावर ठेवलं अन् सरळ खुराड्यापाशी गेली. कवेलूखालून हात आत घातला, वरच्या फळीले आतून फिरवला, बाहेर काढून तळवा पाह्यला. मग लुगड्याले न पुसताच हात खाली सोडला. कोरडा होता.

कोंबड्या धावत आल्या. मेल्या, दोन हप्ते मी कनकी भिजवली अन् धावल्या तिच्याकडे! तिनं एकेकीले उचलून पाह्यलं. पाच झाल्यावर थोडी थांबली, जशी सहावी अन् सातवी मांगून येतील. मी कवेलू हातात धरून उभाच.

मग टोपल्याचं फडकं सोडलं. आत एक लाल तलंग, कोवळी कोंबडी, लालीच्या बहिणीच्या अंड्यातली, भावाकडची. तिले जमिनीवर ठेवली अन् महिन्यानंतरचं पयलं वाक्य माह्याशी बोलली: "हे माही आहे. हिले हात लावाच्या आधी मले इचाराचं."

"हाव," म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

"बाकीच्या पाचही."

"हाव."

चहा झाल्यावर तिले हे रजिस्टर दिसलं. म्हणे, हे काय? म्हटलं, तू नव्हती तवाचा पुरावा. म्हणे, वाचा. तिले वाचता येत नाही, म्हणजे मलेच वाचाव लागलं, माह्याच तोंडानं, तिच्यापुढं बसून. शिपायाच्या बादलीवर हसली. मैनाबाईवर ओरडलो तिथं तोंड फिरवलं. सायकलच्या ट्यूबपाशी मी घाईनं पुढं गेलो, त म्हणे, "थांबा, ते पुन्हा वाचा." वाचलं.

सात जानेवारीचं पान आलं. वाचून होतवर ती भुरीले मांडीवर घेऊन तिच्या तुऱ्याले तेल लावत राह्यली. झाल्यावर म्हणे, "लालीचं पुन्हा वाचा." वाचलं. म्हणे, "अजून एकदा." तिसऱ्यांदाही वाचलं. ती बोलली, "त्या दिवशी मी तुमाले अजून वाढू का इचारलं, तवा तुमी काय म्हटलं होतं, ते नाही लिहलं."

खरंच नाही लिहलं. मी "हाव, वाढ" म्हटलं होतं. तिच्यापुढंच ते लिहलं, समासात जागा होती तिथं.

मग म्हणे, "हे पान फाडू नका." म्हटलं, नाही फाडत. तिचा विश्वास बसला नसावा. वाटीत आंगठा बुडवला अन् त्या पानाच्या खाली, जिथं सही करतात तिथं, दाबून ठसा उठवला. कागदपत्र पक्कं करतात तसं. तीळतेलाचा! मी ओरडलोच, अवं, पान खराब झालं ना सारं!

तेल पार इकडच्या पानांपर्यंत उतरलं आहे. आता लिहून राहिलो त इथंही तो गोल डाग आहे अन् त्याच्यावर शाई पसरून राहिली. आजूबाजूनं लिहतो. ती जेवाले बसली आहे, माह्या आधी, अन् आतून मले हाका मारून राहिली का तुमचं लिहणं झालं असल त या, कोंबड्या आत घाला.